कथेतला घोडा दिवसाला किती मजल मारतो?

ऐतिहासिक किंवा कल्पनारम्य कथा लिहिताना घोड्याचा प्रवास त्याच्या वेगावरून नव्हे, तर दिवसाच्या मजलेवरून मोजावा. घोडा साध्या चालीने तासाला ६ ते ७ किलोमीटर जातो आणि दुडकीने १२ ते १५. चौखूर दौड मात्र काही किलोमीटरांतच त्याचा दम काढते, म्हणून ती पाठलागाच्या प्रसंगासाठीच राखून ठेवावी. एकटा स्वार निरोगी घोड्यावरून रोज ४० ते ५० किलोमीटर असे अनेक दिवस जाऊ शकतो. या हिशेबाने देवगिरीहून निघालेला स्वार पैठणला दुसऱ्या दिवशी पोहोचेल, तर नांदेड गाठायला त्याला सहा दिवस तरी लागतील. ताजे घोडे बदलत जाणारा जासूद हेच अंतर दोन-तीन दिवसांत कापेल; पण मग वाटेत घोडे कोणी सज्ज ठेवले, हेही कथेत आले पाहिजे.

मराठवाड्यात ऋतूचा विचार टाळून चालणार नाही. पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल खुरांना धरतो, मजल निम्म्यावर येते आणि गोदावरीला पूर असेल तर उतार मिळेपर्यंत काठावरच मुक्काम पडतो. उन्हाळ्यात पहाटे निघून दुपारी सावलीत थांबावे लागते, शिवाय घोड्याला दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी लागते, त्यामुळे मुक्कामाचे गाव विहिरी किंवा बारव पाहूनच निवडावे. माझ्या मते पाण्याचा हा शोध लढाईइतकाच कथेला जिवंत करतो.

फौजेची चाल मात्र सामान वाहणाऱ्या बैलांच्या चालीने, म्हणजे दिवसाला १५ किलोमीटरांच्या आसपासच धरावी.