हर्बल औषधाची रॅटवर सेफ्टी टेस्ट करताय? मग या चुका टाळा

नागपूर आणि आजूबाजूला, कामठी काय, हिंगणा काय, बेसा काय, इतकी फार्मसी कॉलेजं आहेत की दरवर्षी एम.फार्मच्या कितीतरी पोरापोरींचा विषय ठरलेला असतो, अमुक वनस्पतीच्या अर्काची टॉक्सिसिटी, म्हणजे तो किती विषारी हे बघणं. विषय चांगलाच आहे. विदर्भातल्या जंगलात औषधी झाडपाल्याची कमी नाही, लोक तो पिढ्यान्‌पिढ्या घेतात, त्यामुळे त्याने काही अपाय होतो का हे कोणीतरी नीट बघायलाच पाहिजे. पण बरेचदा होतं काय की जनावरं जातात, वर्ष जातं आणि शेवटी जो रिपोर्ट हातात येतो त्यातून कोणालाच काही कळत नाही. माझं स्पष्ट मत आहे, जनावर वापरणार असाल तर त्यातून उत्तर निघालंच पाहिजे, नाहीतर त्याला हात लावायचा आपल्याला हक्क नाही. आणि ज्या चुकांमुळे उत्तर निघत नाही त्यातल्या निम्म्याच्या वर तर रॅट पिंजऱ्यात यायच्या आधीच होऊन गेलेल्या असतात.

पाजतोय काय तेच माहीत नसणं

ही सगळ्यात मोठी. इतवारीतून किलोभर चूर्ण आणायचं, पुडीवर शंखपुष्पी लिहिलंय म्हणून ती शंखपुष्पी, झालं काम सुरू. अहो, शंखपुष्पी या एका नावाने देशात कमीत कमी तीन वेगळी झाडं विकली जातात, कॉन्व्हॉल्व्ह्युलस, इव्हॉल्व्ह्युलस आणि आपली कुंपणावरची गोकर्ण. तुम्ही यातलं कोणतं पाजलं? गुळवेलीचं तसंच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस छापल्या, तेव्हा आयुष मंत्रालयाचा आक्षेप हाच होता की पेशंटनी घेतलेली वेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती की तिच्यासारखी दिसणारी क्रिस्पा, हे तपासलंच नाही.

बेल्जियमचं प्रकरण तर प्रत्येक फार्माकॉलॉजीवाल्याने वाचलंच पाहिजे. ब्रुसेल्समध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांमध्ये स्टेफानिया या चिनी वनस्पतीच्या जागी अॅरिस्टोलोकिया गेली, चिनी भाषेत दोन्हींची नावं जवळपास सारखी, आणि शंभरच्या वर बायकांच्या किडन्या खराब झाल्या, काहींना नंतर मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. १९९३ मध्ये हे पहिल्यांदा छापून आलं.

म्हणून चूर्ण आणूच नका. फुला-फळासकट आख्खं झाड आणा, हर्बेरियम शीट करा (झाड दाबून, वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना), बॉटनी डिपार्टमेंटमध्ये ओळख पटवून व्हाउचर नंबर, म्हणजे त्या नमुन्याचा नोंद क्रमांक, घ्या आणि मगच वाळवून दळा, कारण एकदा दळलं की डोळ्यांनी ओळखणं संपलं, मग मायक्रोस्कोप आणि टीएलसीवरच (अर्कातले घटक पातळ थरावर वेगळे करून बघायची पद्धत) भिस्त. सगळ्या अभ्यासाला पुरेल एवढा माल एकाच बॅचचा ठेवा. त्याच वेळी हेवी मेटल तपासून घ्या, आयुर्वेदिक फार्माकोपियाची मर्यादा शिसं १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा), आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ अशी आहे. हे नाही केलं तर उद्या रॅटच्या किडनीत काही सापडलं की ते झाडामुळे की शिशामुळे हे तुम्ही कधीच सांगू शकणार नाही.

बिब्ब्यासारख्या औषधात अजून एक गोष्ट येते. वैद्य कच्चा बिब्बा देतच नाहीत, विटेच्या चुऱ्यात घोळवून, घासून, त्याचं तेल शोषून घेऊन शुद्ध करून देतात, आणि बिब्बा ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स रूल्सच्या शेड्यूल ई-१ मध्ये म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. मग कच्च्या बिब्ब्याचा मिथेनॉल अर्क काढून रॅटला पाजला आणि निष्कर्षात लिहिलं की पारंपरिक औषध घातक आहे, तर ते बरोबर कसं होईल? परंपरेत जे देतात ते तुम्ही तपासलंच नाही. लोक काढा पीत असतील तर पाण्यातलाच अर्क घ्या.

डोसचं गणित

इथे फार गोंधळ होतो. समजा माणूस चूर्ण ३ ग्रॅम दोन वेळा घेतो, म्हणजे दिवसाला ६ ग्रॅम, ६० किलोच्या माणसाला १०० एमजी पर केजी. काही जण हाच आकडा रॅटला लावतात. तसं चालत नाही, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने रॅटसाठी ६.२ ने गुणायचं असतं, म्हणजे ६२० एमजी पर केजी (माईससाठी १२.३ ने). पण हे झालं चूर्णाचं. तुम्ही पाजताय अर्क. १०० ग्रॅम चूर्णातून १२ ग्रॅम अर्क निघाला असेल तर ६२० चे होतात साधारण ७४. यील्ड, म्हणजे चूर्णातून किती अर्क निघाला ते, न मोजता सरळ ६२० एमजी अर्क दिला की आठपट डोस जातो, आणि हे छापलेल्या पेपरमध्येसुद्धा दिसतं. ७४ हा झाला नेहमीच्या वापराइतका डोस, टॉक्सिसिटीसाठी त्याच्या पटीत वर जावं लागतं, २८ दिवसांच्या अभ्यासात निदान तीन डोस ग्रुप आणि एक कंट्रोल, म्हणजे अर्क न दिलेला ग्रुप. कंट्रोलला नुसतं पाणी देऊ नका, अर्क ज्या सीएमसीमध्ये किंवा ट्वीनमध्ये (अर्क पाण्यात मिसळायला वापरतात ती द्रव्यं) मिसळला तेच द्या. आणि दर आठवड्याला वजन करून डोस परत काढा, वाढत्या वयाचा रॅट आहे तो, पहिल्या दिवशीच्या वजनावर महिनाभर पाजत राहिलात तर शेवटी डोस कमीच जातो.

कूलरवर चालवलेलं अॅनिमल हाऊस

नागपूरचा मे महिना मी काय सांगू. बाहेर ४५ आणि गाईडलाईन म्हणते रूम २२ अधिक-उणे ३ डिग्री. वाळ्याचा कूलर लावून काम भागत नाही, तापमान तेवढं उतरत नाही आणि वरून ह्युमिडिटी ७० च्या पुढे जाते. गरमीने रॅट खाणं कमी करतो, वजन घटतं, सुस्त पडून राहतो, आणि हीच सगळी लक्षणं आपण टॉक्सिसिटी म्हणून लिहून राहिलो असतो. एसी आणि त्याला बॅकअप नसेल तर अभ्यास नोव्हेंबरमध्ये करा, एवढी साधी गोष्ट आहे. पावसाळ्यात फीडच्या पोत्याकडे लक्ष ठेवा, बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन आणि त्याचा सरळ लिव्हरवर परिणाम.

पाजताना रॅट मेला आणि औषधाच्या नावावर टाकला

गव्हाजची, म्हणजे तोंडातून थेट पोटात औषध सोडायची, सुई श्वासनलिकेत गेली तर रॅट काही मिनिटांतच जातो, नाकातून तोच रंगीत द्रव बाहेर येतो, छाती उघडली की फुफ्फुसात अर्क दिसतो. म्हणून मेलेल्या प्रत्येक जनावराचं पोस्टमार्टेम त्याच दिवशी करायचं, आणि पाजण्यात चूक झाली असेल तर तसंच लिहायचं, औषधाने झालेल्या मृत्यूंत ढकलायचं नाही. टोकाला गोळा असलेली सुई घ्या, तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत बाहेरून मोजून खूण करा, जोर लावायचाच नाही, अडलं की काढून परत. शिकत असाल तर आधी जाणत्या माणसाच्या हाताखाली शिका, स्टडीच्या जनावरावर नको. अर्क तळाशी बसतो हेही विसरतात लोक, प्रत्येक वेळी सिरिंज भरायच्या आधी बाटली हलवा, नाहीतर पहिल्या रॅटला पाणी आणि शेवटच्याला गाळ. व्हॉल्यूम १०० ग्रॅम वजनाला १ एमएल, पाण्यातलं असेल तर फार तर २.

रक्त आणि टिश्यू

रक्त काढताना हिमोलिसिस झाला, म्हणजे लाल पेशी फुटल्या, की एएसटी (लिव्हरसाठी तपासतात ते एन्झाईम) आणि पोटॅशियम उगाच वाढलेलं येतं, असं सॅम्पल टाकून द्या. धंतोली-रामदासपेठेत माणसांच्या लॅबमध्ये सॅम्पल पाठवणार असाल तर विचारून घ्या, रॅटच्या लाल पेशी माणसापेक्षा बऱ्याच लहान असतात, मशीनला त्या जनावराचं सेटिंग लागतं. आणि माणसांची नॉर्मल रेंज लावून रिपोर्ट वाचू नका, तुलना तुमच्या कंट्रोल ग्रुपशी.

लिव्हर, किडनी लगेच १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, टिश्यूच्या दहापट तरी. स्लाईड बघणाऱ्याला कोणता ग्रुप कोणता हे सांगू नका. आपल्या गावात व्हेटरनरी कॉलेज आहे, जनावरांचं पॅथॉलॉजी रोज बघणारी माणसं तिथे आहेत, त्यांच्याकडे जा.

परवानगी मागाहून

आयएईसीची (कॉलेजच्या प्राणी-प्रयोग नैतिकता समितीची) मंजुरी आधी, फॉर्म बी (परवानगीचा अर्ज) आधी, जनावर नंतर. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा १९६० चा आहे, प्रयोगांचे नियम १९९८ चे, यात पळवाट शोधूच नका.

२००० ला मेला नाही म्हणजे सेफ

ओईसीडी ४२३ मध्ये (ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची एका डोसच्या टॉक्सिसिटी चाचणीची पद्धत) २००० एमजी पर केजी एकदाच पाजलं, आधी तीन, मग आणखी तीन माद्या, १४ दिवस बघितलं, एकही मेली नाही. लगेच निष्कर्षात वाक्य येतं, सदर वनस्पती पूर्णपणे सुरक्षित आहे. हे वाक्य वाचून कोणीतरी कंपनी लेबल छापते आणि कोणीतरी आजी ते वर्षभर घेते, शुगरच्या गोळीसोबत घेते. बेल्जियमच्या बायकांनीही ती औषधं बरेच महिने घेतली होती, असलं नुकसान एका डोसने दिसतच नाही. त्यासाठी २८ दिवसांचा ४०७ आहे, ९० दिवसांचा ४०८ आहे, गरोदरपणासाठी वेगळे अभ्यास आहेत. जे केलं तेवढंच लिहा, की अमुक पद्धतीने काढलेला हा अर्क एकाच डोसमध्ये विस्टार जातीच्या रॅट माद्यांना २००० पर्यंत दिला, १४ दिवसांत मृत्यू नाही. पहिल्या चार तासांत काही लक्षणं दिसली असतील, थरथर, जुलाब, अंगावरचे केस उभे राहणं, तीही लिहा, ती वाचून पुढचा माणूस डोस ठरवतो. त्याला तुमचा व्हाउचर नंबर, बॅच आणि यील्डही लागेल, ते मेथडमध्ये पहिल्याच ओळीत द्या.