व्हीडीआरएल रिपोर्ट कसा वाचायचा

व्हीडीआरएल ही उपदंशाची (गरमीची) रक्तचाचणी. रिपोर्टवरचा आकडा पाहण्याआधी संबंध कधी आला आणि जखम कधी दिसली, त्या तारखा लिहून काढा. त्यांच्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

उपदंशाचा जंतू ट्रेपोनेमा पॅलिडम संभोगात नाजूक त्वचेवरच्या बारीक ओरखड्यातून शिरतो आणि जखम दिसण्याआधीच रक्तात पोचलेला असतो. जखम उठायला १० ते ९० दिवस लागतात, बहुधा तीन आठवडे. ती दुखत नाही, बोटाला कडक लागते आणि ३ ते ६ आठवड्यांत औषधाविना भरून येते. रोग मात्र आत चालूच राहतो. जखम ताजी असताना चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. दोन-चार आठवड्यांनी पुन्हा करा.

व्हीडीआरएल थेट जंतू शोधत नाही. उपदंशात शरीर कार्डिओलिपिन नावाच्या स्निग्ध पदार्थाविरुद्ध जी प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने) बनवते, ती ही चाचणी पकडते. त्यामुळे मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), क्वचित गरोदरपणातही ती खोटी पॉझिटिव्ह येते, बहुधा १:८ किंवा त्याखाली (या आकड्याचा अर्थ पुढे). खात्रीसाठी टीपीएचए (थेट या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी चाचणी) करतात. ती मात्र बरे झाल्यावरही बहुतेकांत आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. औषध लागू पडले का हे पाहायला ती पुन्हा करणे म्हणजे पैसे फुकट.

१:१६ म्हणजे रक्तद्रव सोळा पट पातळ करूनही प्रतिक्रिया दिसली. १:१६ वरून १:८ ला फारसा अर्थ नाही, १:३२ वरून १:८ (चौपट घट) हा औषधानंतरचा खरा उतार. तुलना एकाच लॅबमधल्या, एकाच प्रकारच्या चाचणीची करा. तळहात-तळपायांवर पुरळ (उपदंशाच्या दुसऱ्या टप्प्याची खूण) असूनही निगेटिव्ह आले, तर नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगा: प्रतिपिंडे फार झाली की प्रतिक्रिया दिसतच नाही.

वर्षाच्या आतल्या उपदंशाला बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, एकदाच, दोन्ही कुल्ल्यांत अर्धे-अर्धे. जुना असेल किंवा कधीचा ते ठाऊक नसेल, तर आठवड्याला एक असे तीन डोस. जंतू दुप्पट व्हायला तीस-एक तास घेतो, आणि पेनिसिलिन त्याला वाढतानाच मारते. म्हणून रक्तात दिवसेंदिवस टिकणारे इंजेक्शन लागते. ॲलर्जी असेल तर आधी सांगा. गरोदर बाईला मात्र पेनिसिलिनच हवे. ॲलर्जी असल्यास रुग्णालयात शरीराला सवय लावून देतात.

इंजेक्शननंतर पहिल्या २४ तासांत ताप, अंगदुखी येऊ शकते. ती मरणाऱ्या जंतूंमुळे. श्वास लागला किंवा अंगावर गांधी उठल्या तर लगेच डॉक्टर गाठा.

जोडीदारालाही त्याच आठवड्यात तपासून घ्या, एचआयव्हीची चाचणी उरकून टाका आणि ६ व १२ महिन्यांनी व्हीडीआरएल पुन्हा करा.