ब्रिटिश रेकी रेजिमेंटचा युद्धातला माग कसा काढावा

कोहिमाच्या युद्ध दफनभूमीत काही थडग्यांवर एक वेगळंच चिन्ह दिसतं. मधोमध उभा भाला आणि दोन्ही बाजूंना विजेच्या रेघा. ही रिकोनिसन्स कोअरची, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या टेहळणी दलाची खूण. १४ जानेवारी १९४१ रोजी हे दल उभं राहिलं आणि १९४६ मध्ये मोडीत निघालं. प्रत्येक पायदळ डिव्हिजनच्या पुढे एक रेकी ('रिकोनिसन्स'चं लघुरूप) रेजिमेंट असायची, सुमारे ८०० माणसांची. शत्रू कुठे आहे, पूल शाबूत आहे की उडवलाय, रस्ता गाड्यांना पेलतो का, हे बघून वायरलेसवर कळवणं हे तिचं काम.

या कामामुळेच तिची कागदपत्रं वाचणं अवघड होतं. पायदळाची बटालियन साधारण एका जागी लढते, रेकी रेजिमेंट मात्र मैलोन्मैल विखुरलेली असते. वॉर डायरी, म्हणजे युनिटची रोजची अधिकृत नोंद, लिहिली जायची मुख्यालयात, घटना घडायची दूरच्या एखाद्या फाट्यावर. म्हणून रेजिमेंटची एकच फाइल वाचून थांबलात तर निम्मी गोष्ट हातातून सुटते.

आधी नंबर पक्का करा

बहुतेक रेजिमेंटचा आकडा डिव्हिजनच्या आकड्यावरून पडला. २ री रेकी २ ऱ्या डिव्हिजनची, ४३ वी ४३ व्या वेसेक्स डिव्हिजनची. घोटाळा अपवादांत होतो. ५६ वी रेकी ५६ व्या डिव्हिजनमध्ये नव्हतीच, ती ७८ व्या डिव्हिजनबरोबर ट्युनिशिया आणि इटलीत लढली. ५६ व्या डिव्हिजनकडे होती ४४ वी रेकी. नॉर्मंडीत ५० व्या डिव्हिजनसाठी ६१ वी रेकी काम करत होती, आणि ५१ व्या हायलंड डिव्हिजनकडे तर रेकी कोअरची रेजिमेंटच नव्हती, ते काम सेकंड डर्बीशायर योमन्री ही घोडदळी परंपरेची रेजिमेंट करत होती. म्हणून 'आजोबा ५६ व्या रेकीत होते' असं कुणी सांगितलं, तर डिव्हिजन कुठली हे स्वतंत्रपणे तपासा.

नावंही बदलत गेली. सुरुवातीला या 'बटालियन' होत्या, त्यांत 'कंपन्या' आणि 'प्लाटून'. जून १९४२ पासून घोडदळी शब्द आले: रेजिमेंट, स्क्वॉड्रन, ट्रूप. १ जानेवारी १९४४ पासून संपूर्ण दल रॉयल आर्मर्ड कोअरखाली गेलं. त्यामुळे १९४१ ची फाइल 'बटालियन' या नावाने शोधा आणि १९४४ ची 'रेजिमेंट' या नावाने. बऱ्याच रेजिमेंट जुन्या पायदळ बटालियनमधून घडवलेल्या आहेत. २ री रेकी आधी लॉयल रेजिमेंटची ६ वी बटालियन होती, ४३ वी ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची ५ वी. रूपांतराच्या आधीची वर्षं पाहिजेत तर त्या जुन्या नावाखाली शोधावं लागतं.

माणूस शोधत असाल तर

सेवा क्रमांकापासून सुरुवात करा. १९२० नंतर ब्रिटिश सैनिकाचा क्रमांक बदली झाली तरी सहसा तोच राहायचा, आणि प्रत्येक रेजिमेंटला क्रमांकांचा ठरावीक गट दिलेला होता. लॉयल रेजिमेंटचा गट ३८,४६,००१ पासून सुरू होतो. रेकीच्या माणसाचा क्रमांक या गटातला असेल, तर तो मुळात लॉयल्समध्ये भरती झाला होता असा चांगला अंदाज बांधता येतो.

सैनिकांच्या सेवा-नोंदी संरक्षण मंत्रालयाकडून लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आणल्या गेल्या आहेत. जन्माला ११५ वर्षं झाली नसतील तर मृत्यूचा पुरावा जोडावा लागतो. नोंदीत सगळ्यात कामाचा कागद म्हणजे 'बी १०३' फॉर्म. बदल्या, बोटीवर चढल्याची तारीख, दवाखाना, जखम, सगळं त्यात ओळीने येतं. तिथे 'टीओएस' म्हणजे युनिटच्या पटावर घेतला आणि 'एसओएस' म्हणजे पटावरून काढला. एसओएस पाहून कुणी बुडत होतं असं समजू नका. डायरी कुठल्या दिवसापासून कुठल्या दिवसापर्यंत वाचायची, हे या दोन तारखांवरून ठरतं. हे न करता तीन वर्षांची पानं चाळणारे दुसऱ्या दिवशी थकतात.

मालिका ओळखा

युद्धकाळातल्या वॉर डायऱ्या क्यूला वॉर ऑफिसच्या 'डब्ल्यूओ' मालिकांमध्ये आहेत, आणि मालिका ठरते ती युद्धभूमीवरून, रेजिमेंटवरून नव्हे. ब्रिटनमध्ये असताना डब्ल्यूओ १६६. मध्यपूर्व १६९. ट्युनिशियाच्या मोहिमेची ब्रिटिश फौज १७५. इटली १७०. नॉर्मंडी ते जर्मनी १७१. भारत, ब्रह्मदेश आणि मलाया १७२. एकच रेजिमेंट तीन मालिकांमध्ये विभागलेली सापडते, आणि ज्या वर्षी ती बोटीने हलली त्या वर्षाच्या दोन फाइल निघू शकतात. 'मधले चार महिने गहाळ आहेत' ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यानेच मिटते.

२ रीचं उदाहरण घ्या. १९४२ मध्ये २ री डिव्हिजन ब्रिटनहून भारतात आली, तिचा मुक्काम अहमदनगर भागात होता, आणि एप्रिल १९४४ मध्ये तिला घाईने दिमापूरमार्गे कोहिमाकडे पाठवलं. ब्रिटनमधला काळ १६६ मध्ये, पुढचा १७२ मध्ये. नगरच्या स्थानिक इतिहासावर काम करणाऱ्यांनी त्या मुक्कामाच्या वर्षांची पानं जरूर बघावीत. कोहिमाच्या मानाने ती नीरस वाटतील, पण छावण्या, सराव आणि आजारपणं यांची माहिती अशाच पानांत असते.

कॅटलॉग आणि मागणी

आर्काइव्ह्जचा कॅटलॉग ऑनलाइन आहे, फुकट आहे. शोधताना इंग्रजी स्पेलिंग जपा: 'रिकोनिसन्स' या शब्दात लागोपाठ दोन 'एन' आणि पुढे लागोपाठ दोन 'एस' येतात. तो पूर्ण शब्द, त्याचं 'रेकी' हे लघुरूप, 'रेजिमेंट' आणि त्याचंही लघुरूप, अशा सगळ्या जोड्या करून बघा. मालिका आणि वर्ष यांची चाळणी लावली नाही तर हजारो निकाल अंगावर येतात. साधारण एका युनिटची एका वर्षाची एक फाइल असते. तिचा पूर्ण संदर्भ, म्हणजे मालिकेचा आकडा, तिरपी रेघ आणि पुढचा आकडा, जसाच्या तसा उतरवून ठेवा.

या डायऱ्यांचा मोठा भाग स्कॅन झालेला नाही. भारतात बसून तीन मार्ग उरतात: आर्काइव्ह्जकडून पैसे भरून प्रती मागवणं, तिथल्या स्वतंत्र संशोधकाला काम देणं, किंवा लंडनमधल्या भाच्याला एक दिवस सुट्टी घ्यायला लावणं. तिसरा मार्ग स्वस्त. मात्र वाचक-तिकीट भाच्याच्या स्वतःच्या नावाने लागतं, आणि त्यासाठी नावाचा व पत्त्याचा मूळ पुरावा न्यावा लागतो. फाइल आधीच ऑनलाइन मागवून ठेवायला सांगा. 'बघ काय मिळतं ते' असं सांगून पाठवू नका. संदर्भ क्रमांक आणि तारखा लिहून द्या.

वाचनकक्षात शिसपेन्सिल चालते, पेन नाही. फोनने फोटो काढता येतात, फ्लॅश बंद ठेवून. पहिला फोटो नेहमी फाइलच्या पुठ्ठ्याचा, संदर्भ क्रमांक दिसेल असा. प्रत्येक नव्या महिन्याच्या सुरुवातीला तो क्रमांक लिहिलेली चिठ्ठी पानाशेजारी ठेवून एक फोटो घ्या. घरी आल्यावर शेकडो फोटोंत कुठलं पान कुठल्या फाइलचं, हे नुसतं आठवणीवर कळत नाही. पानाची मागची बाजूही बघा, पेन्सिलने केलेल्या खुणा तिथे असतात. आणि महिन्याच्या शेवटी लावलेली परिशिष्टं सोडू नका: आदेश, वायरलेस संदेशांची नोंद, नकाशावर ठेवायचे पारदर्शक ट्रेस. रेकीची खरी माहिती बरेचदा तिथेच असते, मुख्य पानावर नाही.

पान वाचताना

वॉर डायरीचा छापील फॉर्म 'सी २११८'. त्यात जागा, तारीख, वेळ, घटनांचा सारांश आणि परिशिष्टांचा उल्लेख असे रकाने. लिहिणारा बहुधा ॲडज्युटंट (कमांडरचा प्रशासकीय सहायक) किंवा इंटेलिजन्स ऑफिसर. लढाई तापली की तो दोन-तीन दिवसांचं एकदम लिहितो. लढाईच्या दिवशी चार ओळी आणि शांत दिवशी दोन पानं, हा उलटा प्रकार त्यातूनच होतो.

'२ ओआर जखमी' असं लिहिलेलं असतं, पण नावं नसतात. ओआर म्हणजे अधिकारी नसलेले सगळे सैनिक. नावं मिळतात ती अधिकाऱ्यांची. परिशिष्टात 'डब्ल्यू ३००८' हा फॉर्म सापडला तर अधिकाऱ्यांची यादी मिळते. 'डब्ल्यू ३००९' इतर सैनिकांचा असतो, पण त्यात प्रामुख्याने संख्या आणि तूट असते. 'एलओबी' म्हणजे लढाईतून मुद्दाम मागे ठेवलेले लोक. आपला माणूस त्यांत असू शकतो, म्हणून 'त्या दिवशी रेजिमेंट लढली' याचा अर्थ 'तोही लढला' असा लगेच घेऊ नका.

रचना डोक्यात असली की संक्षेप सुटतात. मुख्यालय, मुख्यालय स्क्वॉड्रन, आणि ए, बी, सी या तीन रेकी स्क्वॉड्रन. रेकी स्क्वॉड्रनमध्ये तीन स्काउट ट्रूप आणि एक असॉल्ट ट्रूप. स्काउट ट्रूपकडे हलक्या चिलखती गाड्या आणि ब्रेन गन कॅरियर (मशिनगन वाहणारी पट्ट्यांवरची छोटी गाडी). असॉल्ट ट्रूप गाडीतून उतरून पायी लढणारा. रणगाडाविरोधी सहा पौंडी तोफा आणि तीन इंची मॉर्टर मुख्यालय स्क्वॉड्रनकडे. मात्र ब्रह्मदेशात हा आराखडा जसाच्या तसा लावू नका. ४५ वी रेकी १९४४ मध्ये चिंडिट मोहिमेत, म्हणजे जपानी फौजेच्या पिछाडीला घुसून लढण्याच्या मोहिमेत, दोन पायी तुकड्या (कॉलम) म्हणून गेली, गाड्यांशिवाय.

वेळेचं एक. संदेशाच्या वेळेपुढे 'बी' अक्षर असेल तर ती ग्रिनिचच्या दोन तास पुढची, 'ए' असेल तर एक तास. भारतातल्या फाइल वाचताना ध्यानात ठेवा, की १ सप्टेंबर १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत आपली घड्याळंही एक तास पुढे केलेली होती.

नकाशा

जागा सहा आकड्यांत लिहिलेली असते: पहिले तीन पूर्वेकडे, पुढचे तीन उत्तरेकडे. हे आकडे फोनच्या नकाशात टाकून काही मिळत नाही, कारण ते त्या काळच्या लष्करी ग्रिडचे आहेत. नॉर्मंडीसाठी १:२५,००० ची 'जीएसजीएस ४३४७' ही मालिका किंवा १:५०,००० ची '४२५०' शोधा. भारत-ब्रह्मदेशासाठी सर्व्हे ऑफ इंडियाच्या एक इंचाला एक मैल या प्रमाणाच्या शीट लागतात. कोहिमा ८३ के/२ वर येतं. आपल्याकडचं ग्रिड वारांत (यार्डांत) होतं, मीटरमध्ये नाही. मीटर धरून मोजलंत तर जागा हळूहळू सरकत जाते.

आकडे उलटसुलट टाइप झालेलेही सापडतात. एखादी टेहळणी गाडी अचानक दरीच्या पलीकडे गेली असं दिसलं, की आधी दोन आकड्यांची अदलाबदल करून बघा. शौर्याची कथा मग रचा.

वर आणि शेजारी बघा

रेकीचे स्क्वॉड्रन अनेकदा एखाद्या ब्रिगेडला उसने दिले जायचे. अशा दिवसांची तपशीलवार नोंद त्या ब्रिगेडच्या डायरीत मिळते. डिव्हिजनच्या मुख्यालयात 'जी' शाखेची, म्हणजे लढाईच्या हालचाली बघणाऱ्या शाखेची, फाइल सर्वांत उपयोगी. रेकीने पाठवलेला संदेश तिथे वेळेसकट उतरवलेला असतो, कधीकधी रेजिमेंटच्या स्वतःच्या डायरीपेक्षा अचूक.

मृतांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची ऑनलाइन सूची मोफत आहे. रेजिमेंट आणि तारीख अशी दुहेरी चाळणी लावता येते. एकाच तारखेला अनेक नावं आली, तर त्या दिवसाचं पान पहिलं उघडा. ४३ व्या रेकीसाठी असं केलं की २४ जून १९४४ ही तारीख डोळ्यांसमोर येते: 'डेरीकनिही' हे जहाज नॉर्मंडीच्या किनाऱ्याजवळ सुरुंगाने फुटलं आणि रेजिमेंटचे १८० च्या वर लोक किनाऱ्याला लागण्याआधीच गेले. जखमी आणि बेपत्ता यांच्या याद्या डब्ल्यूओ ४१७ मध्ये आहेत, पण यादीची तारीख घटनेनंतर काही आठवड्यांची असू शकते. पदकांच्या शिफारशी डब्ल्यूओ ३७३ मध्ये. तिथली भाषा पदक मिळावं म्हणून लिहिलेली असते, हे ध्यानात ठेवून वाचा.

१८ व्या रेकीची गोष्ट निराळी. मुंबईहून निघालेल्या ताफ्यातलं 'एम्प्रेस ऑफ एशिया' ५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूरजवळ बॉम्बने पेटलं, त्यावर ही बटालियन होती. दहा दिवसांत सिंगापूर पडलं. मलाया-सिंगापूरच्या बऱ्याच डायऱ्या नंतर आठवणीवरून लिहिल्या गेल्या, त्यामुळे तिथल्या वेळा आणि आकडे दुसऱ्या पुराव्याशिवाय घेऊ नका. युद्धकैद्यांसाठी जपान्यांनी केलेली कार्डं डब्ल्यूओ ३४५ मध्ये आणि सुटकेनंतरच्या प्रश्नावल्या ३४४ मध्ये आहेत.

फोटोंसाठी इम्पीरियल वॉर म्युझियमचा संग्रह बघा. क्रमांकाआधीचं अक्षर युद्धभूमी सांगतं: 'बी' वायव्य युरोप, 'एनए' इटली, 'आयएनडी' भारत, 'एसई' आग्नेय आशिया.

आणि घरातले आजोबा भारतीय सैन्यात असतील तर रिकोनिसन्स कोअरमध्ये वेळ घालवू नका. इटलीत भारतीय डिव्हिजनांची टेहळणी घोडदळातून आलेल्या रेजिमेंट करत होत्या: ४ थ्या डिव्हिजनसाठी सेंट्रल इंडिया हॉर्स, ८ व्यासाठी ६ वी लान्सर्स, १० व्यासाठी स्किनर्स हॉर्स. त्यांच्या तिथल्या डायऱ्याही क्यूलाच, डब्ल्यूओ १७० मध्ये शोधाव्यात.