कॅबर्ने आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा
'रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी' हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. तिथली रूम म्हणजे साधारण १६ ते १८ अंश. एप्रिलात बेळगाव, निपाणीकडे घरात तिशी ओलांडते. एवढ्या उष्णतेत कॅबर्नेसारख्या रेड वाईनमधला अल्कोहोल नाकात चढतो आणि फळाची चव हरवते. म्हणून बाटली उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा. बर्फ मात्र घालू नका, पाणचट होते.

कॅबर्ने ज्यापासून बनते ती कॅबर्ने सोव्हिन्यों ही जाड सालीची द्राक्षं. जीभ कोरडी करणारा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, सालीबियांतून येतो. चरबीदार मटणासोबत तो मऊ लागतो. सुकं मटण किंवा भाजलेल्या चापा असतील तर कॅबर्ने बिनधास्त काढा. पण झणझणीत तांबड्या रश्श्यासोबत ती नको. तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जास्त बोचतात. तिथे कमी टॅनिनची, फळाच्या चवीची, हलकी रेड बरी. माशासोबतही कॅबर्ने सहसा जमत नाही. आणि कुंदा? अजिबात नाही, गोडामागून कोरडी (ड्राय, म्हणजे गोड नसलेली) वाईन आंबट आणि कडवट लागते.

निवडताना लेबलवर द्राक्षाची जात आणि हंगामाचं वर्ष बघा. नाशिकची किंवा नंदी हिल्सची साधी रेड बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांत प्यायची असते, 'जुनी तेवढी भारी' हे तिला लागू नाही. उन्हात तापणाऱ्या काचेच्या शोकेसमधली बाटली घेऊ नका. उरली तर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस चांगली राहते. त्यानंतर मटणाच्या मसाल्यात ओता.