सीटीएफमध्ये पहिल्यांदा उतरण्याआधी नियमांचं पान वाचा

आमच्या टीमला पहिल्याच सीटीएफमध्ये, म्हणजे हॅकिंगची कोडी सोडवण्याच्या स्पर्धेत, ताकीद मिळाली, ती माझ्यामुळे. रात्रीचे दोन वाजून गेले होते आणि वेबचा एक प्रश्न काही केल्या सुटत नव्हता. लपवलेल्या फाइल आणि फोल्डर शोधणारं एक टूल मी शंभर थ्रेड लावून, म्हणजे एकाच वेळी शंभर रिक्वेस्ट जातील असं, सोडून दिलं. दहा मिनिटांत तो प्रश्न कुणालाच उघडेना. डिस्कॉर्डवर टीममागून टीम विचारू लागली, ‘सर्व्हर बंद आहे का?’ मग आमच्या कॅप्टनला आयोजकांचा निरोप आला: हा मारा तुमच्या आयपीवरून होतोय, लगेच थांबवा. ऑटोमेटेड स्कॅनर वापरायचे नाहीत, हे नियमांत स्पष्ट लिहिलेलं होतं. मी नुसती टिक करून पुढे गेलो होतो.

त्या रात्री शेकडो जणांचा वेळ मी वाया घालवला, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून नव्यांना सगळ्यात आधी नियमांबद्दलच सांगतो.

सीटीएफ म्हणजे कॅप्चर द फ्लॅग. डेफ कॉन या हॅकर परिषदेत 1996 पासून ही स्पर्धा होते आहे. आज बहुतेक स्पर्धा जेपर्डी पद्धतीच्या असतात: वेब, क्रिप्टो (सांकेतिक लिपी फोडणं), रिव्हर्सिंग (तयार प्रोग्राम उलगडून पाहणं), फॉरेन्सिक्स (फाइलींतले माग काढणं), पोन (प्रोग्राममधल्या चुकीतून ताबा मिळवणं) असे विभाग आणि प्रत्येक प्रश्नात दडवलेला एक फ्लॅग, म्हणजे ठरावीक साच्यातली अक्षरांची ओळ. ती सापडली की साइटवर टाकायची, गुण मिळतात. फ्लॅग अंदाजाने टाकत बसायचं नाही. खूप चुकीचे प्रयत्न झाले की सिस्टीम अडवते, काही ठिकाणी टीमच बाद होते.

सगळ्यात जास्त घसरण होते ती फ्लॅग वाटण्यात, आणि ती बहुतेक वेळा मैत्रीपोटी होते. दुसऱ्या टीममधल्या मित्राने एकदा मला विचारलं, ‘उत्तर नको रे, फक्त कुठून सुरुवात करू ते सांग.’ किरकोळ वाटतं ना? पण बऱ्याच स्पर्धांत गुण बदलते असतात. 500 गुणांचा प्रश्न जितक्या जास्त टीम सोडवतील तितका खाली येतो, आणि आधी सोडवलेल्यांचेही गुण त्याबरोबर घटतात. म्हणजे मी मित्राला दिलेली दिशा ही रात्रभर जागून तो प्रश्न सोडवलेल्या अनोळखी टीमच्या खिशातून दिलेली असते. मी त्याला म्हटलं, स्पर्धा संपू दे, मग दोघं बसू. बसलोही, चांगले तीन तास.

पकडलं जात नाही अशा समजुतीत राहू नका. काही आयोजक प्रत्येक टीमला वेगळा फ्लॅग देतात. तुमचा फ्लॅग दुसऱ्या टीमच्या खात्यातून आला की दोन्ही टीमची नावं त्यांच्यासमोर येतात. शंका आली की ‘कसं सोडवलं ते लिहून पाठवा’ असंही विचारतात. म्हणून आम्ही प्रत्येक प्रश्नाची स्क्रिप्ट आणि टिपणं वेळेसकट एका फोल्डरमध्ये ठेवतो. सोडवलेले फ्लॅग शेवटच्या तासापर्यंत दाबून ठेवणं काही स्पर्धांत चालतं, काहींत नाही; तेही आधीच पाहून घ्या. टीममध्ये किती जण चालतात, एआयची मदत चालते का, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. नियमात लिहिलेलं नसेल तर स्पर्धा सुरू होण्याआधी विचारा.

हल्ला कशावर करायचा, याची हद्द ठरलेली असते. प्रश्नात दिलेला पत्ता आणि पोर्ट तेवढे तुमचे. स्कोअरबोर्ड, लॉगिनचं पान, आयोजकांचं नेटवर्क यांना हात लावायचा नाही. चुकून तिथेच पळवाट सापडली तर खासगी निरोप पाठवून कळवा. आम्ही एकदा कळवलं होतं. गुण मिळाले नाहीत, पण आयोजकांनी जाहीर आभार मानले, आणि मला ते गुणांपेक्षा मोठं वाटलं.

अटॅक-डिफेन्स या दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धेत समोरच्या टीमच्या सर्व्हिसवर, म्हणजे तिच्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामवर, हल्ला करणं हाच खेळ असतो. तिथे दर काही मिनिटांनी, म्हणजे दर टिकला, नवे फ्लॅग येतात आणि आयोजकांचा चेकर तुमची सर्व्हिस नीट चालतेय का ते तपासतो. नवी टीम हमखास एक गोष्ट करते: हल्ले थांबावेत म्हणून स्वतःची सर्व्हिसच बंद करते. तसं केलं की चेकर नापास करतो आणि एसएलएचे, म्हणजे सर्व्हिस चालू ठेवण्याचे, गुण जातात. भोक बुजवायचं, दार तोडायचं नाही. समोरच्याचा फ्लॅग वाचणं चालतं. त्याच्या सर्व्हरवर रिक्वेस्टचा पूर सोडून तो आडवा करणं बहुतेक ठिकाणी मना असतं.

प्रश्न कसा सोडवला त्याचं वर्णन, म्हणजे राइटअप, स्पर्धेची वेळ संपल्याशिवाय कुठेही टाकू नका. वेळ वाढवली जाण्याची शक्यता असते, त्यामुळे आम्ही आयोजकांची ‘स्पर्धा संपली’ ही घोषणा पाहतो आणि मगच पोस्ट करतो.