व्यावसायिक इमारतीतील स्मोक डिटेक्टरची सफाई आणि देखभाल कशी करावी

धुळीमुळे स्मोक डिटेक्टर दोन परस्परविरुद्ध प्रकारे बिघडतो. प्रकाशीय डिटेक्टरमध्ये अंधाऱ्या कप्प्यात प्रकाशझोत सोडलेला असतो आणि धुराच्या कणांवरून विखुरलेला प्रकाश संवेदकावर पडला की इशारा मिळतो. धूळही प्रकाश तसाच विखुरते, त्यामुळे ती कप्प्यात साचली की आग नसताना हूटर वाजतात. याउलट, बाहेरची जाळी धुळीने किंवा कोळिष्टकांनी बुजली तर खरा धूरही आत शिरत नाही. पहिला बिघाड सगळ्यांना ऐकू येतो. दुसरा मुद्दाम तपासल्याशिवाय कळत नाही.

कामाची सुरुवात शिडीपासून नव्हे, पॅनेलपासून, म्हणजे सर्व डिटेक्टर जोडलेल्या मुख्य नियंत्रण फलकापासून करावी. इमारतीतील लोकांना व सुरक्षा कक्षाला, तसेच इशारा थेट अग्निशमन दलाकडे जात असल्यास त्यांनाही आधी कळवावे आणि ज्या भागात काम करायचे आहे तेवढाच झोन (विभाग) पॅनेलवरून आयसोलेट, म्हणजे तात्पुरता बंद करावा. डिटेक्टरच्या इशाऱ्यावर लिफ्ट, वातानुकूलन, दरवाज्यांची कुलुपे आणि काही ठिकाणी गॅसने आग विझवणारी यंत्रणाही चालते. ही शेवटची जोडणी जाणकार तंत्रज्ञाकडूनच रोखून घ्यावी. झोन बंद असेपर्यंत तिथे लक्ष ठेवायला माणूस नेमावा.

आधी भोवतीच्या छतावरची धूळ काढावी, मग मऊ ब्रशचे तोंड लावलेला व्हॅक्यूम जाळीच्या फटींवरून सावकाश फिरवावा. उत्पादकाने मुभा दिली असेल तर दाबाखालील हवेचा डबा वापरता येतो, पण तो उभाच धरावा, कारण उलटा धरला की आतला द्रव संवेदकावर उडतो. सफाईचे स्प्रे व द्रावके पूर्णपणे टाळावीत, आणि छत रंगवताना डिटेक्टरलाही हात मारण्याची रंगाऱ्यांची सवय वेळीच मोडावी. रंग बसलेला डिटेक्टर साफ करत बसू नये, बदलावा. आयनीकरण प्रकारच्या डिटेक्टरमध्ये अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सारी द्रव्य असते, म्हणून त्याचा कप्पा कधीही उघडू नये.

सफाईसाठी डिटेक्टर बेसमधून (छतावरच्या बैठकीतून) काढावे लागले, तर काढतानाच प्रत्येकावर जागेचा क्रमांक चिकटवावा. प्रत्येक डिटेक्टर पॅनेलवर स्वतंत्र ओळखता येणाऱ्या (अ‍ॅड्रेसेबल) अनेक यंत्रणांमध्ये हा ओळखीचा पत्ता डिटेक्टरमध्येच असतो. दोघांची अदलाबदल झाली, तर धूर एका खोलीत आणि पॅनेलवर नाव दुसऱ्या खोलीचे, असा घोळ होतो.

यानंतरची चाचणी चाचणी-धुराच्या स्प्रेनेच करावी. बटण दाबून किंवा चुंबक लावून फक्त इलेक्ट्रॉनिक भाग तपासला जातो. बुजलेली जाळी या चाचणीत सहज सुटते. डिटेक्टरवरचा दिवा स्थिर पेटला आणि पॅनेलवर योग्य जागा दिसली, तरच तो उत्तीर्ण समजावा. अमेरिकेतील एनएफपीए ७२ या आगीच्या इशारा यंत्रणांच्या संहितेनुसार सर्वसाधारणपणे दर ६ महिन्यांनी नजरेने पाहणी आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष चाचणी अपेक्षित आहे. आपल्याकडे लागू असलेला नियम वेगळा असल्यास तोच पाळावा. धुळीच्या जागी सफाईची पाळी अधिक वेळा लावावी. नूतनीकरण झाले असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी: कामाच्या वेळी घातलेली प्लास्टिकची टोपी डिटेक्टरवर अजून तशीच तर नाही ना? खालून पाहताना ती डिटेक्टरचाच भाग वाटते, आणि म्हणून राहून जाते.

धूर पूर्ण निवळल्यावर पॅनेल रीसेट करावे, आयसोलेट केलेला प्रत्येक झोन व रोखलेली प्रत्येक जोडणी पूर्ववत करावी, ज्यांना कळवले होते त्यांना काम संपल्याचे सांगावे आणि डिटेक्टरचा क्रमांक, तारीख व आढळलेला दोष नोंदवहीत लिहावा. पॅनेलवर ‘डिसेबल’चा एकही दिवा पेटलेला नाही, हे पाहूनच तिथून निघावे.