गरोदरपणातले रक्ताचे रिपोर्ट: या चुका टाळा

"मॅडम, रिपोर्टमध्ये ठळक अक्षरात काहीच नाही, म्हणजे नॉर्मलच ना?" हा प्रश्न मला रोज येतो. बहुतेक रिपोर्टवर छापलेली रेंज गरोदर बाईची नसते. गरोदरपणात किडनी जास्त काम करते, म्हणून क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) ०.५-०.६ वर उतरतं. ते १.० झालं तरी कागद गप्पच राहतो, आम्ही मात्र सावध होतो.

चौतिसाव्या आठवड्यातली एक बाई "पित्त झालंय" म्हणत आली. उजव्या बरगडीखाली दुखत होतं, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या दोन दिवस चालू होत्या. आदल्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) १ लाख ६२ हजार, म्हणून सगळे निश्चिंत. जुनी फाइल उघडली तर त्याआधी २ लाख ७० हजार! बीपी १५०/१००. ताबडतोब पुन्हा रक्त घेतलं: प्लेटलेट ८८ हजार, एसजीओटी (यकृताला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) नॉर्मलच्या दुपटीच्या वर, एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं एन्झाइम) ६०० च्या पुढे. हा हेल्प (HELLP) सिंड्रोम, म्हणजे गरोदरपणातला गंभीर आजार: तांबड्या पेशी फुटतात, यकृताला इजा होते, प्लेटलेट घसरतात. त्याच रात्री सिझेरियन करावं लागलं. आई आणि बाळ दोघंही सुखरूप घरी गेली, पण ते दोन दिवस फुकट गेले याचा मला आजही राग येतो. म्हणून मी प्रत्येक फाइलच्या आतल्या पानावर आठवडा, बीपी, प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि एसजीपीटी (हेही यकृताचंच एन्झाइम) एका ओळीत हाताने लिहिते. घसरण अशीच दिसते.

दुसरी चूक म्हणजे पांढऱ्या पेशी १३ हजार दिसल्या की जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक. गरोदरपणात त्या वाढतातच, कळा सुरू झाल्यावर २० हजारांपुढेही जातात. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. ईएसआर तर या काळात मी करतच नाही. सीआरपी एकट्याने फारसं सांगत नाही. बाळाभोवतीचं पाणी गेलेलं असेल तर जंतुसंसर्गासाठी ताप, आईची नाडी, बाळाचे ठोके आणि स्रावाचा वास आधी बघा. आकडा नॉर्मल आला म्हणून तापाकडे दुर्लक्ष करू नका.

शेवटच्या महिन्यांत अल्कलाइन फॉस्फेटेज (यकृताच्या तपासणीतलं आणखी एक एन्झाइम) वाढलं तर घाबरू नका, ते वारेतूनही (प्लॅसेंटातूनही) येतं. एसजीपीटी मात्र निरोगी गरोदरपणामुळे वाढत नाही.

प्लेटलेट अचानक फार कमी आल्या तर लॅबला स्लाइड बघायला सांगा. कधीकधी नळीतच गुठळ्या झालेल्या असतात.

आणि रात्री तळहात-तळपाय खाजत असतील तर मलम चोळत बसू नका, यकृतातलं पित्त अडकल्याची ती खूण असू शकते; रक्तातलं बाइल ॲसिड (पित्तातलं आम्ल) आणि एसजीपीटी तपासून घ्या.